नव्या सदनिकेतील दोष आणि बिल्डरची पाच वर्षांची जबाबदारी

सदनिका विकत घेताना कार्पेट एरिया, पार्किंग, कर्जाचे हप्ते आणि ताब्याची तारीख यांची चौकशी प्रत्येक जण करतो. परंतु राहायला गेल्यावर भिंतीला ओल आली, न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर पाणी झिरपू लागले किंवा बाल्कनीच्या स्लॅबला तडा गेला, तर ते कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हायचे, हा प्रश्न बहुतेकांना पहिला पावसाळा येईपर्यंत पडत नाही. तो पडतो तेव्हा बिल्डरच्या कार्यालयातून ‘माणूस पाठवतो’ असे उत्तर मिळते, माणूस येऊन सिमेंटचा एक थर लावून जातो आणि पुढच्या आषाढात ओल पुन्हा त्याच जागी उमटते. अशी दोन-चार वर्षे गेली की कुटुंब स्वतःच्या पैशाने काम करून घेते. वास्तविक या खर्चाची जबाबदारी कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बिल्डरवर टाकलेली आहे. ही हमी वेगळे शुल्क भरून घ्यावी लागत नाही. मात्र ती ठरलेल्या मुदतीत आणि पुरावा राहील अशा रीतीने मागावी लागते. अनेक कुटुंबे नेमकी तिथेच मागे राहतात, म्हणून हा विषय जरा तपशिलात मांडणे आवश्यक वाटते.

या हमीचा आधार म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याचे कलम १४ (३). इमारतीत संरचनात्मक दोष आढळला, किंवा कारागिरी, दर्जा, सेवांची तरतूद अथवा करारनाम्यातील अन्य जबाबदाऱ्या यांत उणीव आढळली आणि ताबा दिल्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत ती बिल्डरच्या नजरेस आणून दिली, तर कोणताही जादा आकार न घेता ३० दिवसांत ती दूर करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे हे कलम सांगते. त्याने ते केले नाही तर सदनिकाधारक योग्य नुकसानभरपाईस पात्र ठरतो. कायद्याच्या भाषेत बिल्डरला ‘प्रवर्तक’ म्हटले आहे. या लेखात रोजच्या वापरातला शब्दच ठेवला आहे.

या कलमात दोन मुदती आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पाच वर्षे ही दोष कळवण्याची मुदत आहे, दुरुस्ती पूर्ण होण्याची नव्हे. चौथ्या वर्षाच्या अखेरीस कळवलेला दोष बिल्डरने टोलवत टोलवत सहाव्या वर्षात नेला, तरी सदनिकाधारकाचा या कलमाखालील हक्क बुडत नाही, कारण त्याने आपले काम मुदतीत केलेले असते. उलट, पाच वर्षे तोंडी तक्रारी करत राहिलेल्या आणि एकही पत्र न लिहिलेल्या माणसाची बाजू सिद्ध करणे अतिशय अवघड होते. तीस दिवसांची मुदत सूचना मिळाल्यापासून बिल्डरसाठी सुरू होते आणि ती संपल्यावर पुढची दारे उघडतात.

हा कायदा पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ रोजी. त्या दिवशी ज्या प्रकल्पांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, त्यांनाही नोंदणी करावी लागली. ज्या जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा जिथे आठपेक्षा जास्त सदनिका नाहीत, असे छोटे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. अशा इमारतींच्या बाबतीत महाराष्ट्रात १९६३ चा मालकी सदनिका कायदा, म्हणजे मोफा, उपयोगी पडतो. त्याच्या कलम ७ नुसार बांधकामातील किंवा वापरलेल्या साहित्यातील दोषांसाठी ३ वर्षांची मुदत आहे. गल्लीतल्या दोन-तीन मजली इमारतीत घर घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. रेरा हा केंद्रीय कायदा असल्यामुळे गोव्यातील नोंदणीकृत प्रकल्पांनाही पाच वर्षांची तीच तरतूद लागू होते; तक्रार ऐकणारे प्राधिकरण तेवढे वेगळे.

ही हमी कशापेक्षा वेगळी आहे

घराच्या संदर्भात ‘वॉरंटी’, ‘गॅरंटी’ आणि ‘इन्शुरन्स’ हे शब्द सरसकट वापरले जातात आणि त्यातून गैरसमज वाढतात. घराचा विमा म्हणजे आग, पूर, भूकंप, वीज कोसळणे अशा आकस्मिक आपत्तींचे संरक्षण. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध झाली आहे आणि ती प्रत्येक घराला असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु वॉटरप्रूफिंग नीट न झाल्यामुळे हळूहळू मुरणारी ओल ही आपत्ती नव्हे, त्यामुळे तिची भरपाई विमा कंपनीकडे मागता येत नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप, जनरेटर, गीझर यांची हमी उत्पादक देतो, ती अनेकदा वर्ष-दोन वर्षांची असते आणि तिची कागदपत्रे बिल्डरने सोसायटीच्या हवाली करणे अपेक्षित असते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘होम वॉरंटी’ म्हटले की आणखी निराळी गोष्ट आठवते. तिथे तो वर्षभराचा सेवा-करार असतो. एअर कंडिशनर, हीटिंग, वॉटर हीटर, स्वयंपाकघरातील यंत्रे बिघडली तर कंपनी कारागीर पाठवते, प्रत्येक भेटीचे ठरावीक शुल्क घेते, आणि जुने घर विकणारा मालक पुष्कळदा ग्राहकाला आकर्षित करण्यासाठी पहिल्या वर्षाचे पैसे स्वतः भरतो. करारापूर्वीपासून असलेले बिघाड त्यातून सामान्यतः वगळलेले असतात. पुण्यात किंवा ठाण्यात गुंतवणूक करताना ही कल्पना मनात ठेवून चालत नाही. इथली हमी यंत्रांची नसून बांधकामाची आहे, ती विकत घ्यावी लागत नाही आणि ती देणारी तिसरी कंपनी कुणी नसते.

दोष कशाला म्हणायचे

खरा वाद याच मुद्द्यावर होतो. कॉलम, बीम, स्लॅब यांतील तडे, स्लॅबचे झुकणे, सळ्या गंजून काँक्रीटचे तुकडे पडणे हे संरचनात्मक दोष आहेत, यावर फारसे दुमत होत नाही. परंतु रोजच्या तक्रारी याहून साध्या असतात आणि कलमातील ‘कारागिरी’ व ‘दर्जा’ या शब्दांमुळे त्यादेखील हमीत येतात. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट नीट न भरल्यामुळे आत येणारे पाणी, गच्चीचा उतार चुकल्यामुळे साचणारे पाणी, न्हाणीघराच्या खोलगट स्लॅबमधील वॉटरप्रूफिंग फसल्यामुळे खालच्या घराच्या छताला आलेली ओल, पोकळ वाजणाऱ्या किंवा उचकटलेल्या फरशा, आरसीसी बीम आणि ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावर जाळी न लावता प्लास्टर केल्यामुळे पडलेली सरळ आडवी भेग, ही सगळी कारागिरीतील उणिवांची उदाहरणे आहेत. करारनाम्याच्या परिशिष्टात ज्या दर्जाची फरशी, नळ किंवा वायरिंग कबूल केले होते त्याऐवजी हलक्या दर्जाचे साहित्य बसवले असेल, तर तेही याच कलमाखाली येते.

ओल कुठून येते हे आधी नीट शोधले पाहिजे, कारण बिल्डरचा पहिला बचाव ‘हे वरच्या घरातील लोकांनी केलेल्या बदलांमुळे झाले आहे’ असाच असतो. पावसाळ्यात वाढणारी आणि दिवाळीनंतर वाळणारी ओल बहुधा बाहेरची भिंत, खिडकी किंवा गच्ची यांच्याकडे बोट दाखवते. बारा महिने सारखी राहणारी ओल नळाची गळती किंवा न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग यांच्याकडे दाखवते. न्हाणीघराची खात्री करण्यासाठी निचऱ्याचे तोंड बंद करून एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या छतावर परिणाम होतो का ते पाहतात. ही चाचणी बिल्डरच्या अभियंत्यासमोर करून त्याची स्वाक्षरी घेतली, तर पुढचा अर्धा वाद मिटतो. भिंतीवर पांढरे क्षार फुटणे, रंगाचे पोपडे निघणे आणि स्विचबोर्डाच्या आसपास ओल येणे या तीन खुणा कधीही दुर्लक्षित करू नयेत. त्यातली शेवटची तर जिवाशी संबंधित आहे.

आता करारनाम्याकडे वळू. पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळ करारनाम्यांत एक परिच्छेद जवळपास शब्दशः सारखा आढळतो. तापमानात २० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडल्यामुळे आरसीसी सांगाडा सोडून अन्य भिंतींवर येणाऱ्या बारीक भेगा हा संरचनात्मक दोष मानला जाणार नाही, तसेच दोषाचा दावा करण्यापूर्वी तज्ज्ञ सर्वेक्षकाचा अहवाल आवश्यक राहील, असा त्याचा आशय असतो. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगांपुरते हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे, कारण ऊन-पावसात प्लास्टर आकुंचन-प्रसरण पावते. परंतु ज्या भेगेतून पाणी आत येते ती केवळ रंगाची बाब राहत नाही, आणि तिला या परिच्छेदाच्या आडोशाला लपू देऊ नये. न्हाणीघराच्या फरशा फोडून नव्या बसवल्या, भिंत काढली, कॉलम-बीमला छिद्रे पाडली किंवा ग्रिल बसवताना बाहेरील प्लास्टर फोडले, तर त्या भागाची हमी संपते, अशा अटीही असतात. त्या बहुतांशी न्याय्य आहेत. राहायला जाण्यापूर्वीच इंटीरियरच्या नावाखाली संपूर्ण न्हाणीघर उखडून टाकणाऱ्या कुटुंबांनी आपण पाच वर्षांची हमी स्वतःच्या हाताने सोडून देत आहोत, याचा विचार आधी करावा.

मात्र हमीचा मूळ गाभाच कमी करणारी अट टिकत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांमध्ये आदर्श करारनाम्याचा नमुना दिलेला आहे आणि त्यात पाच वर्षांच्या दोष-दायित्वाचे कलम आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने, म्हणजे महाराष्ट्रातील रेरा प्राधिकरणाने, दोष-दायित्व, कार्पेट एरिया, अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणे) आणि दैवी आपत्ती या विषयांवरची कलमे बिल्डरला आपल्या सोयीने बदलता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. शिवाय रेराचे कलम ८९ या कायद्याला त्याच्याशी विसंगत असलेल्या अन्य कायद्यांवर वरचढ ठरवते. मग दोन पक्षांमधल्या छापील अटीने त्याला मुरड घालता येईल, असे मानण्यास जागा उरत नाही. त्यामुळे करारनाम्यात ‘हमी दोन वर्षे’ असे लिहिले असले आणि त्याखाली आपली सही असली, तरी घाबरून गप्प बसण्याचे कारण नाही.

तारीख, यादी आणि पत्र

पाच वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, हे सांगणारा कागद म्हणजे ताबा पावती. समजा, ती १० नोव्हेंबर २०२१ ची आहे, तर नोव्हेंबर २०२६ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवलेला दोष निर्विवादपणे मुदतीत बसतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेण्याचे बंधन कलम १९ (१०) ने ग्राहकावर घातलेले आहे. म्हणून ज्याने किल्ल्या घेण्यास वर्षभर उशीर केला, त्याने मुदत आपल्या सोयीच्या तारखेपासून मोजू नये. परदेशी राहणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका मोठा असतो. मुखत्यारपत्रधारक नातेवाईक ताबा घेतो, घर कुलूपबंद राहते, तीन-चार पावसाळे भिंती आतून भिजत राहतात आणि मालक सुट्टीत येतो तेव्हा मुदतीचे काही महिनेच शिल्लक असतात. अशा घराची दर वर्षी ऑगस्टमध्ये कुणाकडून तरी पाहणी करून छायाचित्रे मागवून घ्यावीत.

ताबा पावतीतच बहुधा एक वाक्य छापलेले असते, की सदनिका पूर्णपणे पाहून घेतली असून कोणतीही तक्रार नाही. त्यावर सही केल्याने पाच वर्षांचा कायदेशीर हक्क नाहीसा होत नाही, परंतु पुढे तेच वाक्य समोर धरले जाते. म्हणून ताब्याच्या दिवशी दिवसाउजेडी प्रत्येक खोली तपासून उणिवांची यादी करावी आणि सही करताना ‘सोबत जोडलेल्या यादीतील त्रुटींच्या अधीन राहून’ असे हाताने लिहावे. दारे-खिडक्या उघडझाप करून पाहणे, फरशीवर हलकेच ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकणे, प्रत्येक नळ सोडून निचरा पाहणे, प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून पाहणे, एवढे काम कुणीही करू शकते. मोठ्या शहरांत शुल्क घेऊन अशी तपासणी करून देणारे अभियंतेही आता मिळतात. घराच्या किमतीच्या तुलनेत त्यांचे शुल्क किरकोळ असते आणि त्यांचा अहवाल पुढे पुरावा म्हणून कामी येतो.

त्यानंतर आढळणारा प्रत्येक दोष लेखी कळवावा. करारनाम्यात पत्रव्यवहारासाठी जो पत्ता आणि ई-मेल दिलेला असतो, त्याच ठिकाणी ई-मेल करावा आणि स्पीड पोस्टने पत्रही पाठवावे. व्हॉट्सअॅपवरचा संदेश अगदीच निरुपयोगी नाही, पण साइटवरच्या सुपरवायझरला पाठवलेला संदेश म्हणजे बिल्डरला दिलेली सूचना, हे नंतर पटवून देत बसावे लागते. पत्रात करारनाम्याची व ताब्याची तारीख, दोष कोणत्या खोलीत आणि कोणत्या भिंतीवर आहे, तो प्रथम केव्हा दिसला, आणि कलम १४ (३) नुसार ३० दिवसांत दुरुस्ती करावी ही मागणी, एवढे असले की पुरे. सोबत तारखेसह छायाचित्रे जोडावीत. रागाची भाषा टाळावी, कारण हेच पत्र उद्या न्यायनिर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर वाचले जाणार असते. बिल्डरने वरवरची दुरुस्ती केली आणि दोष परतला, तर ‘यापूर्वी अमुक तारखेला कळवलेला दोष दूर झालेला नाही’ असे नवे पत्र पाठवावे, म्हणजे पहिल्या पत्राशी साखळी तुटत नाही. स्वतः काम करून घेणे भागच पडले, तर आधी अभियंत्याचा अहवाल आणि छायाचित्रे घ्यावीत, बिल्डरला पूर्वसूचना द्यावी आणि पक्की बिले जपून ठेवावीत. दुरुस्ती झाली की दोषाचा पुरावाही प्लास्टरखाली गाडला जातो.

तीस दिवस उलटूनही काही झाले नाही, तर महारेराच्या संकेतस्थळावरून कलम ३१ खाली तक्रार दाखल करता येते. दोन्ही बाजू तयार असतील तर महारेराच्या सलोखा मंचात, ज्यात ग्राहक संघटनांचे आणि विकासकांचे प्रतिनिधी बसतात, तडजोडीचा प्रयत्न होतो. गळतीसारख्या प्रकरणांत हा मार्ग मला पहिल्यांदा अवलंबण्याजोगा वाटतो, कारण घरात राहणाऱ्या माणसाला निकालापेक्षा कोरडी भिंत लवकर हवी असते. तक्रार करताना दोन मागण्यांतला भेद ओळखावा. दुरुस्ती करण्याचे निर्देश प्राधिकरण देते, तर कलम १४ खालील नुकसानभरपाई ठरवण्याचा अधिकार कलम ७१ नुसार न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मधील न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात ही विभागणी अधोरेखित केलेली आहे. भरपाईचा अर्ज चुकीच्या ठिकाणी केल्याने महिने वाया जातात.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पटणी या निकालात सांगितले. तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, आणि मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याच्या पुढे राष्ट्रीय आयोग अशी विभागणी आहे. एकाच मागणीसाठी दोन्ही दारे एकदम ठोठावू नयेत.

हमीची कमकुवत बाजू

इथवर वाचून ही व्यवस्था पुरेशी वाटेल, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे आणि ती लपवणे योग्य नाही. ही हमी बिल्डरच्या ऐपतीइतकीच भक्कम असते. बरेच बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) स्थापन करतात. सदनिका विकून झाल्या की त्या कंपनीत पैसा राहत नाही, कर्मचारी राहत नाहीत आणि कधी कधी कार्यालयही राहत नाही. प्राधिकरणाने आदेश दिला तर कलम ४० नुसार जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते. अपील करायचे असेल तर बिल्डरला ग्राहकाला देय असलेली संपूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते, हा कलम ४३ (५) चा नियम ग्राहकाच्या फायद्याचा आहे. तरीही वसुलीचे वॉरंट हाती असणे आणि पैसे खात्यात येणे यांत अंतर असते, आणि जिच्या नावावर मालमत्ताच नाही अशा कंपनीच्या बाबतीत ते अंतर फार मोठे असते.

इतर काही देशांनी हा प्रश्न विम्याने सोडवला आहे. फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्याने बांधकामाची दहा वर्षांची जबाबदारी आणि त्यासाठीचा विमा सक्तीचा केला. ब्रिटनमधील एनएचबीसी या संस्थेच्या दहा वर्षांच्या योजनेत पहिली दोन वर्षे दुरुस्ती बिल्डर करतो आणि पुढची आठ वर्षे विम्याचे संरक्षण असते. आपल्या रेराच्या कलम १६ मध्येही प्रकल्पाच्या मालकी हक्काचा आणि बांधकामाचा विमा नमूद आहे, परंतु सरकार जे विमे अधिसूचित करील तेच बिल्डरने काढायचे आहेत. त्या कलमाची प्रामाणिक अंमलबजावणी व्हावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी आणि सोसायट्यांच्या महासंघांनी लावून धरली पाहिजे असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत ग्राहकाच्या हाती एवढेच आहे की घर घेण्यापूर्वी त्या बिल्डरच्या पाच-सात वर्षे जुन्या इमारतीत पावसाळ्यात जाऊन यावे आणि तिथल्या सचिवांना, तक्रार केल्यावर कुणी आले का, हे विचारावे. जाहिरातीतल्या नमुना सदनिकेपेक्षा त्या भेटीतून अधिक कळते.

सोसायटीची भूमिका

गच्ची, बाहेरच्या भिंती, लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या, पोडियम आणि तळघरातील पार्किंग हे कुणा एकाचे नसल्यामुळे त्यांच्यातील दोषांची नोंद बहुधा कुणीच करत नाही. नव्या सोसायटीची पहिली वर्षे नोंदणी, हिशेब आणि पार्किंगच्या वादांत निघून जातात. आदर्श उपविधींनुसार पावसामुळे होणारी आणि सामाईक नळांतून होणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीवर येतो. म्हणजे बिल्डरकडून मुदतीत काम करून घेतले नाही, तर तोच बोजा नंतर सर्व सभासदांच्या वर्गणीतून फिटतो. म्हणून कार्यकारी समितीने चौथ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर स्ट्रक्चरल अभियंत्याकडून सामाईक भागांची पाहणी करून घ्यावी आणि अहवालासह एकत्रित सूचना बिल्डरला द्यावी. प्रत्येक सदनिकेचा ताबा वेगवेगळ्या दिवशी झालेला असल्यामुळे सामाईक भागांसाठी सर्वांत आधीची ताब्याची तारीख धरणे सुरक्षित आहे. ‘कन्व्हेयन्स करून दिले, आता आमचा संबंध संपला’ हे उत्तर स्वीकारू नये. अभिहस्तांतरणानंतरही संरचनात्मक दोषांची जबाबदारी कलम १४ (३) मधील मुदतीपर्यंत बिल्डरवर राहते, असे कलम ११ (४) मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

पुनर्विक्री आणि पुनर्विकास

पाच वर्षांच्या आत घर विकले गेले तर हमीचे काय होते? रेराच्या कलम २ मधील व्याख्येनुसार, ज्याने पुढे विक्री किंवा हस्तांतरणाने सदनिका मिळवली तो खरेदीदारही सदनिकाधारकच ठरतो. भाडेकरू ठरत नाही. त्यामुळे उरलेल्या मुदतीचा लाभ नव्या मालकाला मिळतो, मात्र मुदत नव्याने सुरू होत नाही. तीन वर्षे जुनी सदनिका घेणाऱ्याकडे दोन वर्षे असतात. त्याने मूळ करारनामा आणि ताबा पावती तर मागावीच, पण आधीच्या मालकाने बिल्डरला पाठवलेली पत्रेही मागावीत आणि बिल्डरविरुद्धचे सर्व हक्क आपल्याला हस्तांतरित होत असल्याचे वाक्य खरेदीखतात घालून घ्यावे.

विक्रेत्यावरही कर्तव्य आहे आणि ते रेरापेक्षा खूप जुने आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला परंतु खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही सापडणार नाही असा मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे, आणि तो लपवणे फसवणुकीचे मानले जाते. पावसाळ्यात भिजणाऱ्या भिंतीवर मार्चमध्ये नवा रंग देऊन एप्रिलमध्ये घर दाखवणे हा याच प्रकारात मोडणारा व्यवहार आहे. विक्रेत्याने ओल आली होती, दुरुस्ती अमुक वर्षी केली आणि वॉटरप्रूफिंग ठेकेदाराचे हमीपत्र हे आहे, असे सांगितले, तर किमतीत थोडी घासाघीस होईल. पण पुढची नोटीस टळेल. खरेदीदाराने उन्हाळ्यात पाहिलेले घर शक्य असल्यास एकदा पावसात पाहावे, कपाटामागची भिंत पाहावी आणि वरच्या व खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी बोलावे. मालक जे सांगायचे विसरतो, ते शेजारी सांगतात.

राहिला प्रश्न पुनर्विकासाचा, जो मुंबई, ठाणे आणि पुण्यात आता हजारो जुन्या सभासदांना भेडसावतो आहे. त्यांना जुन्या घराच्या बदल्यात नवे घर मिळते, ते बाजारात विकले जात नाही. त्यामुळे नव्या ग्राहकांना लागू असलेले रेराचे संरक्षण आपल्यालाही आपोआप मिळेल, असे जुन्या सभासदांनी गृहीत धरू नये. पाच वर्षांचे दोष-दायित्व, सामाईक भागांची दुरुस्ती, गळतीसाठी वेगळी आणि अधिक लांब मुदत, आणि ती मुदत संपेपर्यंत रोखून ठेवायची रक्कम किंवा बँक गॅरंटी, या चारही गोष्टी सोसायटीने विकास करारनाम्यात शब्दांत लिहून घ्याव्यात, आणि तो नोंदणीला जाण्यापूर्वी वकिलासोबतच एखाद्या अभियंत्यालाही वाचायला द्यावा.